घाटात पडलेल्या गाडीचा फोटो

दादाची मोटारसायकल मला कधीच आवडली नाही. एवढं मोठं धूड त्याला कशाला हवं होतं, कुणास ठाऊक. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात उभं आयुष्य सुपरवायझर म्हणून काढलेला माणूस, पन्नाशी उलटलेली, उंची बेताची, आणि गाडी घेतली ती अशी, की बसायचं तर आधी डाव्या फूटरेस्टवर उभं राहायचं आणि मग उजवी टांग पलीकडे टाकायची. डोंगरात, दगडधोंड्यांत, रस्ता नसेल तिथे चालवायची गाडी. कॉलनीत विहारासमोर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मी म्हटलं, "दादा, सोबत एक शिडी पण घ्यायची ना." तो म्हणाला, "तुला हात लावू देणार नाही, बघ." आणि पुढच्याच रविवारी त्र्यंबक रोडला नेऊन स्वतःच मला चालवायला दिली. माझे पाय टेकत नव्हते. तो मागे बसून ओरडत होता आणि मी पुढून.

आमचं असंच आहे. सायकल त्यानं शिकवली, स्कूटर त्यानं शिकवली. आईवडील गेल्यावर मला रागवायचा हक्कही त्यानं परस्पर स्वतःकडे घेऊन टाकला, आणि मी तो कधी मान्य केला नाही. मी तोंडाळ आहे हे सगळ्या कॉलनीला माहीत आहे. त्याचं श्रेय मी त्यालाच देते.

मग त्याचा डावा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पण या आजाराची एक खोड आहे. हात मांडीवर नुसता ठेवला की थरथरतो, आणि काही घट्ट धरलं, जोर लावला, की तेवढ्यापुरता थांबतो. दादानं हँडल धरलं की हात गप्प. झालं. त्याच्या डोक्यात बसलं, की गाडीवर असतो तेव्हा तो आजारी नसतो. "गाडीवर बघ माझा हात," असं तो येईल त्याला सांगायचा. खोटं नव्हतं ते. पण पाय जड व्हायला लागले होते, वळताना अडखळायचा, आणि शर्टाची बटणं आता वहिनी लावून देत होती. हे तो कुणाला सांगायचा नाही. मला वहिनीनं सांगितलं.

गाडीवरून ती दोघं वर्षभर भांडली. ती म्हणायची, विकून टाका. तो म्हणायचा, मी मेल्यावर विक. असलं काही बोलला की ती दिवसभर बोलायची नाही, आणि मग मला फोन. "तुझ्या भावाला तूच समजाव, माझं डोकं संपलं." मी समजवायला जायचे आणि आमचं तिसरंच भांडण व्हायचं.

शेवटी दिवाळीनंतर एकदा जेवताना त्यानं स्वतःच तोड काढली. इगतपुरीच्या अंगाला, धरणाच्या मागे, एक जुना घाट आहे. कधीकाळी बैलगाड्या जायच्या म्हणतात, आता नुसते सुटे दगड आणि पावसानं पाडलेल्या घळी. चालत चढायचं तरी गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. भातकापणी झाली की दादा दरवर्षी त्या घाटातून गाडी वर नेतो. म्हणाला, "यंदा एकदा जातो. माझी मी गाडी माथ्यावर नेली, तर ती राहील, आणि तू पुन्हा विषय काढायचा नाही. नाही नेता आली, तर देऊन टाकतो, आणि मी विषय काढणार नाही."

"आणि पडलास तर?" मी विचारलं.

"पडणं धरायचं नाही. त्या घाटात सगळेच पडतात. उचलायची आणि पुढे जायचं."

वहिनीनं त्याला भात वाढला. मग म्हणाली, "चालेल. पण ही सोबत जाईल." ही म्हणजे मी. मला कुणी विचारलंही नाही.

आता या पडण्याचं जरा सांगायला हवं. दादाबरोबर डोंगरात आणखी दोघं जातात. एक विंचूरचा कांद्याचा व्यापारी, अंगानं आडवा, बोलला की पलीकडच्या शिवारात ऐकू जाईल असा. दुसरे शाळेत गणित शिकवणारे सर. ते गाडीही गणितासारखीच चालवतात, प्रत्येक पायरी दाखवत. या तिघांचा एक रिवाज आहे, तोही दादानंच पाडलेला. कुणी पडलं की आधी माणूस धड आहे ना ते बघायचं, इंजिन बंद करायचं, आणि मग, पडलेला कितीही शिव्या देवो, गाडी उचलायच्या आधी फोटो काढायचा. आडवी झालेली गाडी आणि शेजारी तोंड पाडून उभा मालक. त्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. संध्याकाळी फोटो ग्रुपवर टाकायचा आणि आठवडाभर त्या माणसाला पळता भुई थोडी करायची. व्यापारी एकदा गाडीसकट ओढ्यात बसला. दादा सगळ्या बाजूंनी फोटो काढत होता आणि हा पाण्यात बसून, "आता उचला की राव," म्हणत होता. वहिनीला हा प्रकार रानटी वाटायचा. मला आवडायचा. धडधाकट माणसाचीच अशी थट्टा करता येते.

मग एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी दादाच्या मागे बसले होते. हायवेला त्यानं गाडी इतकी सुरेख चालवली की माझ्या मनात आलं, डॉक्टर गेले खड्ड्यात. घोटीत चहाला थांबलो. भाताच्या गिरण्या सुरू झाल्या होत्या, कोंड्याचा वास सगळ्या बाजारात भरला होता. दादानं चहा अर्धा कपच मागितला, भरलेला कप त्याच्या हातात हिंदकळतो म्हणून. व्यापारी त्या वेळी रस्त्यावरच्या एका ट्रॅक्टरकडे बघायला लागला, आणि दादाचा चहा पिऊन होईपर्यंत बघतच राहिला. सरांनी चष्मा पुसला. मी म्हटलं, "पी लवकर, का घाट इथे येणार आहे?" दादा हसला. तो खूश होता. मी त्याला इतकं खूश कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

घाटाच्या पायथ्याला तिघांनी टायरमधली हवा कमी केली, सुट्या दगडांवर पकड राहावी म्हणून. मी उतरले, कारण त्या चढावर मागे माणूस घेत नाहीत. सर पुढे गेले, मग दादा, मग व्यापारी, आणि मी पाण्याची बाटली घेऊन पायी. वाट इतकी वाईट होती की मी फारशी मागे पडत नव्हते.

दादा फूटरेस्टवर उभा राहून गाडी चढवत होता, गुडघे वाकवून, मान वर. दगडावरून पुढचं चाक उडायचं आणि तो ते पुन्हा जागेवर आणायचा. एक वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर सगळ्यात वाईट चढ आहे, मधोमध घळ पडलेली. तिथे मागचं चाक एका सुट्या दगडावर नुसतंच फिरलं, गाडी थबकली आणि डावीकडे कलली. एवढंच. अशा वेळी डावा पाय टेकवायचा असतो. मी खालून बघत होते. पाय खाली यायला हवा होता. आलाच नाही. गाडी आडवी झाली आणि दादा तिच्याबरोबर.

लागलं काहीच नाही. तो लगेच बाजूला सरकून बसला. पण व्यापारी आपली गाडी तशीच टाकून धावला, सर वरून घसरत घसरत आले, मी धापा टाकत पोचले. "लागलं का? कुठं लागलं? हळू, दादा, हळू." व्यापाऱ्यानं त्याला काखेत हात घालून उभं केलं. सरांनी इंजिन बंद केलं. मी त्याची पँट झटकायला लागले, लहान पोराची झटकावी तशी. मग त्या दोघांनी गाडी उचलली, स्टँडला लावली, सरांनी आरसा सरळ केला.  सगळं फार पटकन झालं.

दादा हेल्मेट काढून उभा होता. त्यानं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "फोटो?"

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. सर खिसे चाचपायला लागले. "अरे हो, थांबा, काढतो की," म्हणाले, आणि फोन हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की गाडी तर उभी आहे. व्यापारी म्हणाला, "दादा, पुन्हा आडवी करू का?" हे तो खरंच म्हणाला. गाडीला धरायला दोन पावलं पुढेही गेला.

"राहू दे," दादा म्हणाला.

"आईशप्पथ दादा, डोक्यातच नाय आलं."

"तेच म्हणतोय मी."

दादा खाली एका दगडावर बसला. हातमोजे काढले. डावा हात मांडीवर ठेवला आणि तो थरथरायला लागला. या वेळी त्यानं तो उजव्या हातानं झाकला नाही. एरवी झाकायचा.

मी भडकले. रडायला आलं की मी भडकते, मला दुसरं काही येत नाही. "बस गाडीवर," मी म्हटलं. "पडणं धरायचं नाही असं तूच म्हणालास. कुणाचा फोटो नि कुणाचं काय. ऊठ."

"मला बसता येईल गं," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "माथ्यापर्यंत जाईनसुद्धा कदाचित. पण आता हे दोघं गाडी सोडून माझ्या मागे हात पसरून चालणार. तूही. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मला पटलं नव्हतं. आज तुम्ही सांगितलंत."

"आम्ही काय सांगितलं?"

त्यानं हातमोजे माझ्या हातात दिले. 

त्यानं व्यापाऱ्याला म्हटलं, "तू ने वर." व्यापाऱ्यानं मान हलवली, नाही म्हणून. डोळ्यांत पाणी, एवढा मोठा माणूस. दादा म्हणाला, "अरे ने, इथे ठेवणार आहेस का तिला?" मग व्यापारी बसला. गाडी गुरगुरली, दगड मागे फेकले, घळ पार करून वर गेली. दादा खालून बघत होता. स्वतःची गाडी चढताना त्यानं बाहेरून कधी पाहिलीच नव्हती. "छान चढते गं," म्हणाला.

व्यापारी आपली गाडी न्यायला पायी खाली उतरला, आणि आम्ही दोघं चालत वर निघालो. थोडं गेल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधाराला. लहानपणी तो हात मला ढकलायला असायचा. माथ्यावर पोचलो तेव्हा सोबत आणलेले जेवणाचे डबे सोडायचं कुणाच्या मनात नव्हतं. पलीकडून डांबरी रस्ता आहे. तिथून नाशिकपर्यंत गाडी मी चालवली. दादा मागे बसला. ओरडला नाही. मी एका खड्ड्यात मुद्दाम जोरात घातली, तरी ओरडला नाही.

वहिनी पार्किंगच्या फाटकाशी उभी होती. सरांनी फोन केला असावा, किंवा नसावाही. ती एरवीही अशीच उभी राहते. आम्ही आत आलो. पुढे मी, मागे तो.  दादा उतरला, तिच्या हातात चावी ठेवली, म्हणाला, "विषय संपला," आणि कठड्याला धरून जिना चढून गेला.

मला वाटलं, ही सुटली एकदाची. वर्षभर हेच तर मागत होती. मी हेल्मेट काढत म्हटलं, "घे, झालं तुझ्या मनासारखं."

ती गाडीला टेकून तिथेच फरशीवर बसली. साडी धुळीत, तिचं भान नाही. "मला वाटलं होतं, चढतील," ती म्हणाली. "मी मुद्दाम हो म्हटलं होतं गं. मला खात्री होती, हे चढून येतील, मला टोमणे मारतील, आणि मी म्हणेन, बरं बाई, हरले मी. हे चढून आले असते ना, तर मी धरून चालले असते, की अजून वेळ आहे."

मी हेल्मेट फरशीवर ठेवलं. तिच्या शेजारी बसले. इंजिन अजून गरम होतं.

वरून दादाची हाक आली. "चहा टाकलाय. या दोघी. आज मी करतो."

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि पळतच जिना चढली, कारण चहा उकळला की तो भरलेलं पातेलं त्या हातानं उतरवायला जाणार होता.