कॅप्टनबाईंची ऑडिशन

गेल्या वर्षी मी माझ्याच भूमिकेसाठी ऑडिशन द्यायला गेले आणि नापास झाले. हे मी आता हसत सांगते, कारण मी हसले नाही तर ऐकणाऱ्याची पंचाईत होते. पण नकाराचा फोन आला त्या दिवशी नारायण पेठेतल्या घरी मला हसू आलं नव्हतं आणि रडूही नाही. नुसती झोप येत होती.

फार वर्षांपूर्वी टीव्हीवर लहान मुलांसाठी एक मालिका निघाली होती. पृथ्वीवरून निघालेलं, परतीची वाट चुकलेलं एक यान, आणि त्याची कॅप्टन मी. चित्रीकरण कात्रजच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. उन्हाळ्यात आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं आणि माझ्या अंगात गळ्यापर्यंत चंदेरी रेक्झिनचा पोशाख. यानाची यंत्रं म्हणजे जुन्या बाजारातून आणलेले बिघडलेले रेडिओ, त्यांच्या आत लग्नाच्या मांडवातल्या दिव्यांच्या माळा. खिडकीबाहेर काळा पडदा. मी कुठे बघायचं ते कळावं म्हणून त्या पडद्यापुढे सेटवरचा एक माणूस झाडू उंच धरून उभा राहायचा. त्या झाडूकडे बघत मी धूमकेतू पाहिले, ग्रह पाहिले, एकदा तर सोबत्याचं यान जळताना पाहून रडले. दर भागात केव्हातरी यानातली हवा कमी व्हायची. मग मी खुर्चीतून उठून मागे वळायचे आणि म्हणायचे, "घाबरू नका. हवा पुरेल."

ते वाक्य माझ्या नावापेक्षा मोठं झालं. मंडईत भाजीवाल्या मावशी विचारायच्या, "कॅप्टनबाई, वरून येताना जरा पाऊस नाही का आणायचा?" लोक प्रेमानंच बोलायचे. सुरुवातीची काही वर्षं मलाही ते गोड लागलं.

मालिका संपल्यावर मी नाटकात परत गेले. मूळची मी रंगभूमीवरचीच. एका गंभीर कौटुंबिक नाटकात मला विधवा थोरल्या जावेचं काम मिळालं. दुसऱ्या अंकात दिरांसमोर उभं राहून 'मी हे घर सोडणार नाही' असं सांगायचं होतं. मी उठले, वळले, आणि बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "हवा पुरेल!" सगळं थिएटर हसलं. हशा ओसरेपर्यंत मी थांबले आणि मग माझं वाक्य म्हटलं. पुढच्या प्रयोगाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. निर्माते सभ्य गृहस्थ होते. चहा मागवून म्हणाले, "बाई, तुमचं काम उत्तम आहे. पण तुम्ही वळलात की लोकांना यान दिसतं. आपल्या नाटकात यान नाही."

त्यानंतर जी कामं आली ती सगळी आभाळातली. मंगळावरची राणी झाले, भविष्यातून आलेली शास्त्रज्ञ झाले. शेवटी एका मालिकेत मी बोलणारा संगणक होते, म्हणजे चेहराही नाही, फक्त आवाज. पडद्यावर मी कधी कुणासाठी पोळ्या लाटल्या नाहीत की कुणाच्या लग्नात रुसले नाही. "भांडकुदळ सासूसुद्धा दिली नाही कुणी," असं मी घरी म्हटलं की आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "सराव मात्र चालू आहे." हे निवृत्त प्राध्यापक, भौतिकशास्त्राचे. माझ्या मालिकेतलं विज्ञान त्यांनी एकदाही मान्य केलं नाही.

गेल्या वर्षी एका मुलीचा फोन आला. त्या जुन्या मालिकेवरून नवी वेब सिरीज करणार होते. "मॅम, यू आर अ लेजंड. ह्यात कॅप्टन आता साठीची दाखवलीये. फक्त एक ऑडिशन, फॉर्मॅलिटी म्हणून."

बाणेरच्या एका काचेच्या इमारतीत गेले. सगळी मुलं उठून उभी राहिली, सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. मग मला हिरव्या पडद्यासमोर बसवलं. प्रसंग वाचला, उठले, वळले. गुडघा धरला होता, तरी वळले. दिग्दर्शक तिशीतला असेल. त्याने तीन वेळा करून घेतलं आणि दर वेळी मवाळपणे म्हणाला, "मॅम, थोडं कमी."

दोन दिवसांनी त्या मुलीचा फोन. "मॅम, ॲक्च्युअली टीमला वाटतंय की तुमचं थोडं जुन्या कॅप्टनसारखं होतंय."

"मीच ती आहे," मी म्हटलं.

"हो ना मॅम. तोच प्रॉब्लेम आहे."

भूमिका मुंबईच्या एका बाईंना दिली. पुढे त्या मुलीने चाचरत विचारलं की मी एक दिवस येऊन त्यांना कॅप्टनचं उठणं-बसणं दाखवीन का.

"जायचं काही कारण नाही," हे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. तसा तो सहसा चढत नाही. "तुला नाकारणार आणि वर शिकवायला बोलावणार? सांग त्यांना, कॅप्टन रजेवर आहेत."

मी गेले. मानापमान करायलाही अंगात जोर लागतो, तो माझ्यात उरला नव्हता. शिवाय, त्या बाई कोण आहेत ते बघायचं होतं.

त्या माझ्याहून वयाने बऱ्याच लहान निघाल्या. केस मुद्दाम पांढरे केलेले. मला बघताच पुढे येऊन वाकल्या आणि म्हणाल्या, "ताई, मला फार अवघडल्यासारखं होतंय. तुम्ही आला नसतात तरी मी समजून घेतलं असतं."

मी त्यांना खुर्चीत बसणं दाखवलं, हात कुठे टेकायचा ते दाखवलं. झाडूची गोष्ट सांगितली तेव्हा त्या मनापासून हसल्या. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.

"ते वाक्य म्हणताना तुमच्या मनात काय असायचं?"

इतक्या वर्षांत ते वाक्य मला हजारो लोकांनी म्हणायला लावलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी मी त्या पोशाखात खरंच गुदमरत होते," मी म्हटलं. "चक्कर येत होती. पुरेल, पुरेल, असं स्वतःलाच सांगत होते."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही. नंतर ते लोकांचं झालं. मी नुसते ओठ हलवायचे."

त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या, एकदा करून बघते. त्या उठल्या नाहीत, वळल्या नाहीत. समोर बघत, खुर्चीचा हात घट्ट धरून, अगदी हळू म्हणाल्या, "घाबरू नका. हवा पुरेल." हवा पुरणार नाही हे त्या कॅप्टनला माहीत आहे, असं ते ऐकताना वाटलं. ते वाक्य मुलांना धीर देण्यासाठीच आहे, असं मी धरून चालले होते. त्यात इतकी भीती मावते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं.

"असंच ठेवा," मी म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कशी आहे?"

"माझ्यापेक्षा चांगली."

त्यांनी उठून चहा टाकला आणि साखर जास्त घातली. जड पिशवी खाली ठेवल्यावरही हात दुखत राहतो, तसं मला दोन-तीन दिवस होत राहिलं. हेवा नव्हता तो. हेव्यालाही थोडी ताकद लागत असावी.

सिरीज आली. आम्ही दोघांनी ती मोबाइलवर पाहिली. ह्यांनी गुरुत्वाकर्षणाच्या दोन चुका काढल्या आणि शेवटच्या भागात चष्मा पुसला. नव्या मुलांना आता त्यांचीच कॅप्टन ठाऊक आहे. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांना पूर्वी मला बोलवायचे, आता त्यांनाच बोलावतात, आणि रविवारी सकाळी मी घरी असते.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या दिग्दर्शकाचा फोन आला. छोटं काम आहे, एका प्रसंगाचं. म्हातारी आत्या, लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आंबट झाला म्हणून पुतण्याशी भांडते. "तुम्हाला चालेल का?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच पलंगावर बसून राहिले. स्वयंपाकघरातून हे विचारत होते, कुणाचा फोन होता. लगेच सांगावंसं वाटलं नाही.