गुरव सरांची घंटा देवळातली नव्हती

गुरव सर गेल्याचे मला फोनवरून कळले. फोन करणारा आमचाच जुना विद्यार्थी, आता जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करतो. म्हणाला, "सर, आपले गुरव सर गेले. लई मवाळ माणूस हो... कुणाला कधी दुखावलं न्हाय." मी विचारले, "कोणते गुरव सर?"

दुःखाच्या प्रसंगी असा प्रश्न शोभत नाही, एवढे मला समजते. परंतु ज्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी सारी नोकरी गणित शिकवण्यात घालवली, ते दिगंबर गुरव मवाळ कधीच नव्हते; आणि त्यांनी न दुखावलेला माणूस आमच्या पंचक्रोशीत शोधूनही सापडला नसता. पुढे शाळेत शोकसभा झाली, आणि याच पुरवणीत त्यांच्यावर एक लेखही छापून आला. लेखात त्यांचा गळा गोड होता. वक्तृत्व स्पर्धेत ते वाजवीत ती घंटा वडिलांच्या देवळातली होती. आणि ती घंटा त्यांनी खुद्द सोसायटीच्या चेअरमनवर वाजवली तेव्हा चेअरमननी हसून त्यांना मिठी मारली होती! हे वाचून मी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. मजकूर तोच होता. म्हणून हे लिहिणे आले.

गळ्याचे आधी सांगतो. बेंबळी गावाच्या पुढे कच्च्या रस्त्याला आमची शाळा. तीन दगडी खोल्या, एक पत्र्याची, आणि पटांगणात झेंड्याशेजारी उघडा ओटा. तोच आमचा रंगमंच. गुरव सर मराठीचे शिक्षक, परंतु गाणे, नाटक, भाषण असे जे कोणी अंगावर घेत नसे ते सारे त्यांच्याकडे. शाळेच्या पेटीची एक पट्टी मुकी होती. दुरुस्तीची वाट न पाहता त्यांनी तो स्वर टाळून प्रार्थना बसवली, आणि कोणी पोर चुकून त्या स्वरावर गेले की सर पेटी थांबवीत. त्यांचा स्वतःचा आवाज गंजल्या कोयंड्यासारखा करकरत असे. नाटकात मागून वाक्य सांगणारा माणूस त्यांना खपत नसे. "इसरला तर हुबा ऱ्हा तसाच," ते पोरांना बजावीत, "लोकास्नी कळू दे, पाठ करायचं असतंय." एकदा एका संमेलनात आमचा राजा असाच उभा राहिला. प्रेक्षक हसले, राजाची आई रडली, मी विंगेतून हातवारे केले. सर हाताची घडी घालून बसून राहिले. अखेर राजाला आठवले. टाळ्यांनी पटांगण दणाणले, परंतु त्या टाळ्यांपर्यंत आमच्या जिवाचे काय झाले ते आम्हालाच ठाऊक. आता त्याच राजाने, म्हणजे फोन करणाऱ्या वकिलाने, त्यांना मवाळ ठरवावे!

आता घंटा. बहात्तरच्या दुष्काळात वैरण संपली, तेव्हा सरांच्या थोरल्या भावाने बैलजोडी बाजारात नेली. जनावर विकताना गळ्यातले काढून घ्यायचे, ही आपल्याकडची रीत. त्यातल्या एका बैलाची पितळी घंटा घरात खुंटीला लोंबकळत राहिली. भावाला ती नजरेसमोर नकोशी झाली, म्हणून सरांनी ती शाळेत आणली. भाषणाची वेळ भरत आली की एक टोल, भरली की दोन. एरवी पोरांनी खेळ करू नये म्हणून तिच्या लोलकाला ते एक चिंधी गुंडाळून ठेवीत, आणि स्पर्धेच्या दिवशी सर्वांदेखत ती सोडीत. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्यांना पुरावा हवा असेल त्यांनी पुढचा प्रसंग नीट वाचावा.

ते वर्ष पुन्हा कोरडे गेले होते. स्नेहसंमेलन नको असे आम्हा सर्वांचे मत. सरांनी ते घ्यायला लावले. उन्हे कलली की गावात पाण्याचा टँकर येई आणि मग मंडपात चिटपाखरू थांबत नसे, म्हणून वक्तृत्व स्पर्धा त्याआधी आटोपायची होती. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला, त्यात आठवीतल्या कौसल्या बनसोडेचा क्रमांक शेवटचा आला. तिचे आईवडील खडी फोडायला जात. बौद्धवाड्यातली कोणी मुलगी आमच्या ओट्यावर बोलायला उभी राहण्याची ती पहिलीच वेळ. विषय होता 'आमच्या गावचे पाणी'. वाड्यातल्या बायकांना विहिरीवर किती ताटकळावे लागते, ते गावासमोर सांगायची हिंमत तिने बांधली होती. तिची आई त्या दिवशी कामावर न जाता मंडपाच्या कडेला येऊन बसली होती.

कौसल्येचे नाव पुकारणार एवढ्यात सोसायटीचे चेअरमन आले. प्रमुख पाहुणे तेच; ओट्यावर पत्र्याची शेड देतो, असा शब्दही त्यांनी दिलेला. ते बोलायला उभे राहिले आणि बोलतच राहिले. सोसायटी, दूध, खत, परत सोसायटी. कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यांनाही स्पर्धकांइतकीच वेळ छापली होती, ती अर्थातच गुरव सरांनी. मी त्यांचा सदरा ओढत होतो, तरी एक टोल पडला. चेअरमन थबकले, मंडपाच्या मागे पाहत म्हणाले, "कुणाचं जनावर शिरलं रं आत? हाकला की!"

मंडप हसला. देवळातली घंटा असती तर चेअरमन असे म्हणाले असते का? माझ्या मते पुरावा एवढा पुरे.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली, तेव्हा सर उठले आणि दोन टोल दिले. "जनावर न्हाय साहेब," ते म्हणाले, "येळ झाली. एक लेकरू ऱ्हायलंय बोलायचं."

मिठी! चेअरमननी गळ्यातला हार काढून टेबलावर आपटला, धोतराचा सोगा सावरला आणि ते ओट्यावरून उतरले. त्यांच्यामागे संस्थेची मंडळी उठली, मंडळींमागे निम्मा मंडप. मुख्याध्यापकांच्या तोंडचे पाणी पळाले. त्या धुरळ्यात सरांनी शांतपणे पुकारले, "कौसल्या बनसोडे."

ती पोरगी बोलली. आधी घाबरत, मग घागरी घेऊन कोण आधी आणि कोण मागून पाणी भरते हे सांगताना तिचा आवाज असा चढला, की निघालेले काही लोक वाटेतच थांबले. "आणि म्हणून मला वाटतं..." इथवर ती आली, आणि दोन टोल पडले. वाक्य तोडून तिने नमस्कार केला व खाली उतरली. भाषण अपुरे राहिले म्हणून बक्षीसही गेले.

मी त्या संध्याकाळी सरांना गाठले. "अहो, पत्रे गेले ते गेले. पण जिच्यासाठी एवढं रामायण केलंत, तिला एक वाक्य पुरं करू दिलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?"

ते लोलकाला चिंधी बांधत होते. म्हणाले, "कदम मास्तर, तिला जादा येळ दिली असती, तर चेअरमनवर वाजवली ती रागानं वाजवली असंच ठरलं असतं."

या उत्तराचा मला आजही संताप येतो. ओट्यावर पत्रे कधीच पडले नाहीत. पुढचे प्रत्येक संमेलन आम्ही ताडपत्र्या ताणून केले, आणि वारा सुटला की प्रत्येक शिक्षक एका हाताने दोरी धरून गुरव सरांकडे पाहत असे. ते मात्र पेटी वाजवीत... मुका स्वर टाळून.

शोकसभाही त्याच ओट्यावर झाली. टेबलावर सरांची तसबीर, तिच्याशेजारी घंटा, घंटेला झेंडूचा हार. वक्त्यांमागून वक्ते उठले. वकील बोलले, सरपंच बोलले, ज्यांनी सरांना पाहिलेही नव्हते तेही बोलले. मवाळ, प्रेमळ, ऋषितुल्य... माझी पाठ धरली. सर्वांत शेवटी कौसल्या बनसोडे उठल्या. त्या आता सास्तूरकडच्या भागात मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी घड्याळात पाहिले आणि सरळ त्या स्पर्धेवर आल्या.

"त्या दिवशी घरी जाऊन मी लई रडले," त्या म्हणाल्या. "आई म्हणाली, रडतीस कशाला गं? चेअरमनला जी घंटा, तीच तुला. अशी एक घंटा आजवर वाजली व्हती का आपल्यासाठी?" त्या पुढे बोलत गेल्या. "मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा सरांना भेटायला आले. तेव्हा ते मला एवढंच म्हणाले, की कौसल्या..." आणि त्या थांबल्या. हात जोडून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले : 'कंठ दाटून आल्याने त्यांना पुढे बोलता आले नाही.' मी पहिल्या रांगेत बसलो होतो. त्यांचा कंठ दाटलेला नव्हता. मनगटावरच्या घड्याळाकडे त्यांनीही पाहिले आणि मीही पाहिले. सरांच्या स्पर्धेत मिळे तेवढी त्यांची वेळ भरली होती.

सभा संपल्यावर त्या टेबलाजवळ आल्या. हार बाजूला सारून त्यांनी घंटा उचलली, हलवली. आवाज नाही. आत चिंधी तशीच गुंडाळलेली.

"कदम सर, सगळी सभाभर ही बांधलेलीच व्हती?"

"व्हय."

"तरीच," त्या म्हणाल्या.

त्यांनी गाठ सोडली. घंटा काचेच्या कपाटात ठेवायची, असा नव्या मुख्याध्यापकांचा विचार आहे. त्यांना काय करायचे ते करोत. चिंधी मात्र मी खिशात घालून घरी आणली आहे, आणि ती मागायला कोणी आले तरी मिळणार नाही.