टॉवेलाखालचा हात

निपाणीला आज तंबाखूचे व्यापारी आप्पा यांच्या मयताला गेलो आणि शेजारच्या वखारीतला तोच उग्र वास नाकात शिरला.

बऱ्याच वर्षांपूर्वी याच वखारीत आप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्या वाटणीचा मी लवाद होतो, दोघांनी मिळून नेमलेला. सुनावणीआधी थोरल्या आप्पांनी धाकट्यापुढं हात केला, वर टॉवेल टाकला. पूर्वी तंबाखूचा सौदा असाच व्हायचा, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत.

"बघ रं, अजून जमतंय का."

धाकट्यानं हात घातला, अन् झटक्यात काढला. "न्हाय जमत. वकीलसाहेब, तुम्हीच निकाल द्या."

दिला. वरच्या कोर्टातही टिकला. केवढा अभिमान होता मला त्याचा!

आज धाकटा तिरडीपाशी बसला होता, पांढऱ्या कापडाखाली हात घालून. खांदेकरी खोळंबले, तरी तो हात काढेना.