आडवं पडून पाहायचं विमान

भोकरदनच्या बाजारात तो मला एकदाच भेटला. चौदा सालच्या मोठ्या लढाईत खेचरं हाकायला इराकात, बसऱ्याला जाऊन आलेला माणूस. लिंबाखाली बसून ज्वारीच्या धांड्यांचं आणि कागदाचं लढाऊ विमान करत होता. एकावर एक दोन पंख, मधे ताणलेले दोरे, पोटाला तेलाचे डाग, चाकाजवळ चक्क एक ठिगळ! ते खळीनं चिकटवताना त्याची जीभ बाहेर आली होती.

मला राहवेना. विमान उचलून पाहिलं, तर वरून नुसता कोरा कागद.

"मामा, वरची बाजू राह्यली की!"

"राह्यली न्हाई. वरून कुठं पाह्यलं मी? दुश्मनाचं इमान आलं की साहेब वरडायचा, पालथे पडा! सगळे पालथे, मी एकटा उताणा. असं इमान सोडून माती पाहू का?"

त्यानं विमान फांदीला टांगलं. "आता उभ्यानं काय पाह्यतो? पड आडवा."

धुतलेल्या धोतरानिशी मी धुळीत पडलो. वारा सुटला, विमान झोका घेत माझ्या अंगावर आलं आणि मी दोन्ही कानांवर हात दाबले.

तो टाळी वाजवून हसला. "पण पालथा न्हाई झालास! शाबास!"