माहेरची गुटी

स्वस्थ बसणं नवसाबाईला जन्मात जमलं नाही. चुलीवरच्या चहाचं झाकणसुद्धा ती तीनदा उघडून बघायची. सटाण्याजवळची डाळिंबाची बाग तिने नवऱ्याच्या, गोटीरामच्या बरोबरीने उभी केली, आणि गुटी बांधावी तर तिनेच. फांदीची साल कड्यासारखी सोलायची, ओलं शेवाळ लावून वर प्लॅस्टिक गुंडाळायचं; मुळं फुटली की फांदी कापायची, झालं नवं झाड. मंजुषाच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या सासरची अख्खी बाग या गुट्यांची. "लेकीला सोनं काय, कोणीबी देतं," असा तोरा.

मग तेल्या आला. पानांवर तेलकट काळे डाग, फळं उकलून गळायची. नवसाबाईची बाग गेली, मागोमाग मंजुषाचीही. रोग माहेरच्या गुटीतूनच गेला होता, हे पुढे कळलं. जावयाने झाडं मुळासकट उपटून रान मोकळं केलं.

नाशिकच्या एका प्रयोगशाळेने तेव्हा तिच्या मळ्याचा कोपरा मागितला. भगवा या बागेतल्या गोड वाणाचा रानटी आंबट डाळिंबाशी संकर करून केलेली रोपं तिथे लागली. प्रयोगशाळेतली शुभांगी जीपने येऊन पानं खुडून न्यायची.

"पानातला डीएनए वाचायचा, मावशी. कुठल्या रोपात तेल्याशी झुंजायची ताकद असावी ते संगणक सांगतो. फळाची वाट बघायला नको."

"वाट न बघणारं यंत्र? मग ते माझ्याच जातीचं!"

"तो नुसता अंदाज. खरं काय ते पावसाळे ठरवणार. तोवर फवारणी नाही, आणि गुटी तर नाहीच नाही."

२००८च्या पावसात आजूबाजूची रोपं काळी पडली, कुंपणाजवळचं एक मात्र नितळ राहिलं. त्याच सुमारास जावयाचा निरोप आला: दिवाळीनंतर मोकळ्या रानात कांदा, डाळिंबाचं नावही नको. नवसाबाई त्या झाडाभोवती घिरट्या घालू लागली. हात शिवशिवत होते. श्रावणात तिने गुट्या बांधल्याच.

दसऱ्याला शुभांगीला प्लॅस्टिक दिसलं.

"मावशी, हे काय?"

"लेकीला द्यायचंय. झाड बघ की, एक डाग नाय!"

"काय सांगितलं होतं मी?"

गोटीराम बांधावरून म्हणाला, "तिला मी चाळीस वर्षं सांगतोय. तुमचा दुसराच पावसाळा."

शुभांगी हसली नाही. गुटीचा एक तुकडा तिने तपासायला नेला. "माझा फोन येईपर्यंत हात लावायचा नाही."

ते दिवस कसे गेले विचारू नका. नवसाबाईने निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. मोबाइल गोटीरामच्या खिशात, म्हणून ती गोटीरामच्या मागे.

मंजुषा भाऊबिजेला आली ती गुट्या न्यायला मोठी पिशवी घेऊनच. "माय, झाड कितलं भारी शे!" म्हणत ती कुंपणाशी उभी होती, तेव्हा फोन वाजला.

"झाडाच्या अंगात तेल्या आहे, मावशी. त्याला स्वतःला बाधत नाही, पण शेजारच्याला देईल."

मंजुषाच्या रानाला लागून तिच्या दिराची बाग होती. ती तेवढी अजून वाचलेली.

नवसाबाईने कात्री आणली. एकेक गुटी कापली, मुळं पांढरीशुभ्र, आणि तिथेच पाचोळ्यात पेटवली.

"माय! आता ह्यांना काय सांगू?"

"सांग, आईनं एकदा जाळलं तुमचं रान, दुसऱ्यांदा नाय जाळणार."

फोन अजून चालूच होता. "झाड वाया नाही, मावशी," शुभांगी सांगत होती. "ते पुन्हा संकराला घेऊ. चार-पाच वर्षं लागतील."

"मग फोनवर काय बसलीस? लाग की कामाला!"

लेक माहेरून रिकामी जात नसते. नवसाबाईने कांद्याच्या वाफ्यातून रोप उपटलं, पेंढ्या बांधून मंजुषाच्या पिशवीत दाबून भरल्या आणि एसटी चुकेल म्हणून तिच्यावरच ओरडली.