एका अँटेनावर दोन यंत्रं: भंडारदऱ्याचा शुक्रवार

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात मी भंडारदऱ्याला गेलो ते धरण बघायला नाही. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं, सरांशी भांडून, आणि नगरच्या एका मोजणी कंत्राटदाराकडे लागलो होतो. वाटेत राजूर लागतं एवढं ऐकूनच या कामाला हो म्हटलं. राजूरला सुनंदा आणि तिचे वडील, अण्णा, राहतात. तिने पत्रात लिहिलं होतं, "शुक्रवारी ये, अण्णांशी स्वतः बोल. पाचच्या गाडीने ते संगमनेरला जातील, तिथल्या स्थळाला होकार द्यायला."

नगरहून सकाळची अकोले गाडी पकडा. अकोल्यातून पुढे जीप, आणि ती माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही. स्वेटर विसरू नका. धरणाजवळच्या शेंडी गावात आम्ही उतरलो तिथे तांदळाची भाकरी आणि पिठलं पंधरा रुपयांत पोटभर मिळालं.

माझ्याबरोबर नाना होते, पंचवीस वर्षं मोजणी केलेले. उपग्रहांवरून जागा सांगणारं नवं जीपीएस यंत्र त्यांनीच आमच्या कंत्राटदार साहेबांना घ्यायला लावलं होतं. ते तपासायची रीत अशी: जुनं आणि नवं, दोन्ही यंत्रं स्प्लिटर, म्हणजे एका केबलचे दोन फाटे करणारा जोड, लावून एकाच अँटेनाला जोडायची. दोघांनी एकच उत्तर दिलं की नवं खरं. सलग तीन तास नोंद घ्यायची.

शुक्रवारी दहाला टेकडीवर सुरुवात केली. बाराला नाना पाणी आणायला उतरले. जुन्या यंत्राची बॅटरी उतरत होती. चार्ज करायला गावात जावं लागलं तर माझी राजूरची साडेतीनची जीप चुकणार. म्हटलं, याची नोंद पुरे झाली, आणि ते बंद केलं. थोड्या वेळाने बघतो तर नव्या यंत्रावर एकही उपग्रह नाही.

केबल बदलली, जोड घासले. काही नाही. नाना येताच मी तडकलो. "डबा आणलाय तुम्ही, नाना! डबा!"

"आरं, जरा दम खा की. बघू तरी दे."

मी कुठला थांबतो. तडक शेंडीतलं एसटीडी गाठलं आणि साहेबांना सांगितलं, नवं यंत्र बाद आहे. साहेब म्हणाले, "नानाला म्हणावं, उद्या सामान आणून टाक. आणि परवापासून कामावर येऊ नको."

परत आलो तर नाना वीज मोजायचं मीटर घेऊन बसले होते.

"अँटेनाला वीजच जात न्हाई. जुनं कुणी बंद केलं?"

"मी. त्याचा नव्याशी काय संबंध?"

"अँटेनाला वीज यंत्राकडूनच चढती, केबलमधनं. दोघांनी चढवली तर लोचा, म्हणून स्प्लिटर एकाचीच वर सोडतो. ती जुन्याची हुती." ते ओरडले नाहीत. त्यांनी जुनं चालू केलं आणि उपग्रह एकेक करून परत आले.

अडीच वाजले होते. नोंद पुन्हा पहिल्यापासून. मी फोनवरचं सांगितलं तेव्हा नानांनी नोंदवहीचं कोरं पान उघडलं. मग म्हणाले, "तू जा, पोरा. तुझी जीप जाईल."

पण फोन मी केला होता, म्हणून थांबलो. कोऱ्या वहीवर साहेबांनी कुणाचं ऐकलं असतं? गावातून भाड्याने बॅटरी आणली. साडेसहाला उतरलो, दोन्ही उत्तरं साहेबांना फोनवर वाचून दाखवली, जुळलेली, आणि चूक माझी म्हणून सांगितलं. साहेबांनी मला शिव्या घातल्या. नानांना राहू दिलं.

शनिवारी सकाळी राजूर. सुनंदा दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"भांडत बसला असशील कुठंतरी."

"भांडलो. मग चूक माझीच निघाली. ती निस्तरत बसलो."

तिने सूप खाली ठेवलं. "अण्णांनी पाचची गाडी सोडली. म्हणाले, पोरगा येतो म्हणालाय तर बघू. स्टँडवरच थांबले, मग सहाच्या गाडीने होकार द्यायला गेले."

नगरला आल्यावर आईने विचारलं, कसं होतं भंडारदरा? मी सांगितलं, पाणी लई निळं आहे. तुम्हीही जा, डिसेंबरातच जा. माझ्याजवळ मात्र त्या प्रवासातला तो एक तास राहिलाय, जो मला कधीही न भेटलेल्या माणसाने राजूरच्या स्टँडवर माझ्यासाठी काढला.