यादीत नसलेली आत्या

रजेच्या अर्जातली ती यादी आज उघडली आणि हिंजवडीतल्या ऑफिसच्या तेव्हाच्या नव्या कार्पेटचा वास पुन्हा नाकात शिरला. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, कंपनीत रजेचे अर्ज ऑनलाइन होऊन आठवडाच झाला होता. कात्रजहून फोन आला, आत्या गेली. मला तिनेच वाढवलेलं. अर्जात 'मृताशी नातं' विचारलं होतं आणि यादीत आई, वडील, जोडीदार, अपत्य एवढंच. आत्या नव्हतीच, आणि काही निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. न उघडणाऱ्या काचेतून खाली सुटायला आलेली बस दिसत होती.

"अहो, आई टाका," एचआरच्या मॅडम म्हणाल्या. "कोण बघतंय?"

टाकलं. बसमध्ये वाटलं, खोटं तरी कुठे बोलले?

परवा आई गेली. आज 'आई' निवडलं, तर खाली लाल अक्षरं उमटली: 'ही रजा आपण यापूर्वीच घेतली आहे.'